'घरी न्या, सेवा करा'... पण कोणी?

"आता यांना घरी न्या. सेवा करा."

आमच्या भागात हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडायचं नाही. डॉक्टर फाइल मिटतात आणि पेशंटकडे न बघता शेजारी उभ्या असलेल्या मुलाला हे सांगतात. मुलगा मान हलवतो. अर्थ सगळ्यांनाच कळलेला असतो, की इलाज संपला, आता दिवस मोजायचे. पण या वाक्यात कर्ताच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून मला ते खटकलं असेल. सेवा करा, पण कोणी? मुलाने मान हलवली त्याच क्षणी दाराशी पिशवी धरून उभी असलेली सून मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहायला लागते.

ती सून मी होते. गोष्ट २०१५ सालची.

सासूबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या. देवळी तालुक्यातलं आमचं खेडं, घरी कपाशी आणि सोयाबीन. मी जवळच्याच गावी शाळेत शिकवायची. छातीतली गाठ त्यांनी वर्षभर पदराआड लपवली होती. पुढे जखम झाली, लुगड्याला डाग लागायला लागले, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. "अशा जागचं कोनाले दाखवाव लागते का वं?" हे त्यांचं म्हणणं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, रोग हाडांपर्यंत गेलेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी "घरी न्या" म्हणून सांगितलं. त्या गेल्या दिवाळीनंतर दहा दिवसांनी. मधले सव्वादोन महिने मी जे केलं, त्याला सगळं गाव 'सेवा' म्हणत होतं. मला मात्र तो शब्द आज वेगळा ऐकू येतो. म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, त्या दिवसांतला माझा एक दिवस सांगते. पहाटे चारला उठायचं, कारण आईंचं कण्हणं तेव्हा वाढायचं. मग जखमेची पट्टी बदलायची. पट्टी वाळून चिकटलेली असायची, ती काढताना त्या किंचाळायच्या आणि मी रडत रडत ओढायची. मग अंग पुसणं, कपडे, अंथरूण. मग स्वयंपाक, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून दोन घास भरवायचा प्रयत्न. त्या तोंड फिरवायच्या. भेटायला आलेल्या बाया म्हणायच्या, "काही खाऊ घालत नाहीस का वं तिले?" मग मी पुन्हा चमचा तोंडाशी न्यायची. दुपारी बँकेचे कागद, त्यांच्या नावावरच्या शेताच्या तुकड्यावरून दिराचे फोन. संध्याकाळी पोथी. रात्री पुन्हा कण्हणं. आणि या सगळ्यात माणसं कमी होत चाललेली. जखमेला वास यायचा. आधी खाटेशी बसणाऱ्या शेजारणी मग ओसरीवर बसायला लागल्या, मग अंगणातूनच "कसं आहे?" विचारून परतायला लागल्या. आमचे हे तर दिवसभर शेतात आणि रात्री बाहेरच्या बाजेवर. आत यायचेच नाहीत. मला वाटायचं, पोटचा पोर आणि इतका कोरडा?

एका रात्री आईंनी विचारलं, "खरं सांग वं, मी आता उठत नाही ना?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय आई! दिवाळीपर्यंत चालायला लागाल."

त्या भिंतीकडे वळल्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी त्यांना धीर दिला असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी त्यांना एकटं पाडलं होतं.

दसऱ्यानंतर नणंदेची मुलगी आली, चार दिवसांची सुटी काढून. ती नर्स आहे. मुंबईच्या एका हॉस्पिसमध्ये तिने काही वर्षं काम केलेलं. हॉस्पिस म्हणजे बरा न होणारा आजार शेवटाला आला, की त्या माणसाला वेदनेशिवाय आणि मानाने राहता यावं म्हणून केलेली व्यवस्था. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. आपल्या नागपूरला 'स्नेहांचल' आहे. हे सगळं मला तिच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून कळलं. तेव्हा मला हॉस्पिस हा शब्दही ठाऊक नव्हता.

पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. माझ्यामागे मागे हिंडली, बघत राहिली. रात्री भांडी घासताना म्हणाली, "मामी, आमच्याकडे एका पेशंटमागे सात-आठ जण असतात. डॉक्टर, नर्स, आया, समाजसेविका, समुपदेशक, व्यायाम घेणारे, देवाधर्माचं बोलणारं कुणीतरी, शिवाय बसायला येणारे स्वयंसेवक. तू एकटी ही सगळी कामं करतेस. आणि यातलं एकही तुला कुणी शिवकवलेलं नाही."

मी राख लावलेला हात तसाच ठेवून बघत राहिले. माझ्या थकव्याची कुणी अशी मोजदाद केली नव्हती.

पुढच्या चार दिवसांत तिने ती कामं एकेक करून वेगळी काढून दाखवली. मला वाटतं, शेवटच्या आजारात घराचं सगळ्यात मोठं भलं यातच आहे. सेवा नावाचा एकच डोंगर दिसतो तोवर तो एकाच बाईच्या अंगावर येतो. कामं वेगळी दिसायला लागली, की ती वाटता येतात.

पहिलं काम डॉक्टरचं, ते म्हणजे वेदना थांबवणं. आमच्याकडे पॅरासिटामॉलवर चाललेलं. ही म्हणाली, कॅन्सरच्या दुखण्याला पायऱ्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच ते सांगून ठेवलंय. साध्या गोळीने भागलं नाही की त्यावरची, तीही पुरली नाही की मॉर्फिन. मॉर्फिनची साधी गोळी तोंडाने, दर चार तासांनी, दुखायला लागायच्या आत. आमचे हे दचकले. "ती तर नशेची!" असंच सगळ्यांना वाटतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं अतिशय किचकट होऊन बसलं होतं. इतक्या परवान्यांच्या भानगडीत पडण्यापेक्षा ती ठेवूच नये, असं कितीतरी दवाखान्यांनी ठरवलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी झाली. पण आम्हाला घरी पाठवताना ती गोळी अस्तित्वात आहे, एवढंही कुणी सांगितलं नव्हतं. भाचीने चौकशी करून मामाला सोबत घेऊन नेलं, डॉक्टरांना भेटली, गोळ्या आणल्या. सोबत पोट साफ ठेवायचं औषध हवंच, हेही तिनेच सांगितलं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं. तिसऱ्या रात्री आई सलग पाच तास झोपल्या. आणि हो, जागं झाल्यावर त्यांनी 'नशा' मागितली नाही. चहा मागितला.

दुसरं काम नर्सचं. पट्टी ओढायची नाही, आधी मिठाच्या कोमट पाण्याने भिजवायची, मग ती आपोआप सुटते. जखमेच्या वासावर तिने डॉक्टरांना विचारून जो उपाय केला, तो ऐकून मला रडू आलं. पोट बिघडल्यावर देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून, पूड करून जखमेवर टाकायची. इतकी स्वस्त, गावातल्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी! चार-पाच दिवसांत वास उतरला. शेजारणी ओसरीवरून पुन्हा खाटेशी आल्या. दोन महिने मी समजत होते की लोकांची माया आटली. दर दोन तासांनी कूस बदलणं, ओल्या कापडाने तोंड आतून पुसणं, ओठांना तूप लावणं, हेही तिने शिकवलं.

तिसरं काम अंग पुसणं, कपडे, मलमूत्र. हॉस्पिसमध्ये ते आया करतात आणि त्याला तिथे हलकं काम समजत नाहीत. आमच्याकडे गावातल्याच एका बाईला रोजंदारीवर सकाळी दोन तास बोलावलं. "सून असताना पैसे देऊन बाई?" असं बोलणारे बोलले. निंदणाला मजूर लावतो तेव्हा कुणी विचारतं का, की घरची माणसं असताना मजूर कशाला?

चौथं काम समाजसेविकेचं, म्हणजे कागद, पैसा आणि भांडण. सही करता येते तोवर बँकेचं, जमिनीचं काय ते मिटवून घ्यायचं. नातेवाइकांचे फोन एकाच माणसाने घ्यायचे. पेशंटजवळ बसलेल्या बाईने ते घ्यायचे नाहीत. हे काम मोठ्या जावेच्या मुलाला दिलं. तो बी.कॉम. करत होता. दिराशी तो माझ्यापेक्षा कितीतरी शांतपणे बोलला.

पाचवं काम बोलण्याचं, खरं म्हणजे ऐकण्याचं. भाचीने आजीला काहीच सांगितलं नाही. खाटेच्या काठावर बसून तिने उलट विचारलं, "आजी, तुले काय वाटते?" आणि गप्प बसली. मला वाटलं ही आता काय उत्तर देणार! पण उत्तर द्यायची वेळच आली नाही. आई तासभर बोलत राहिल्या. आपण जाणार हे त्यांना केव्हाच कळलं होतं. पुन्हा दवाखान्यात जायचं नव्हतं. "मले इथंच राहू द्या, सुया नको." तोरड्या माझ्या लेकीला द्यायच्या होत्या. पुलगावच्या भावाशी कित्येक वर्षांचा अबोला होता, त्याला एकदा बघायचं होतं. तो आला. दोघं फारसं बोलले नाहीत, त्याने नुसते पाय दाबून दिले. मी त्या रात्री 'चालायला लागाल' म्हणाले नसते, तर हे सगळं महिनाभर आधी झालं असतं. ही बोच मला आजही आहे.

सहावं काम देवाधर्माचं. आमच्या भागात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना घराघरांत माहीत. मंडळाची माणसं बोलावणं आलं की येतात, पण बोलवायचं गेल्यावर अशी आपली रीत! आम्ही आधीच बोलावलं. खंजिरी हळू वाजवा म्हणून सांगितलं. आईंनी डोळे मिटून ओठ हलवले.

सातवं काम स्वयंसेवकाचं, आणि ते सगळ्यात सोपं. दुपारी दोन तास नुसतं येऊन बसायचं. काही करायचं नाही, 'अमक्याला असंच झालं होतं' हे तर मुळीच सांगायचं नाही. आपण बसायचं, म्हणजे घरची बाई झोपेल. पाच शेजारणींनी वार वाटून घेतले. मी कित्येक आठवड्यांनी दुपारची झोपले.

आणि आमचे हे? भाची म्हणाली, "मामी, मामा कोरडा नाही. तो घाबरलाय. त्याला काम दे." रात्रीच्या गोळ्यांची वही तिने मामाच्या हातात दिली. दहा, दोन, सहा. गजर लावून ते उठायला लागले. आधी दारातून गोळी द्यायचे, मग खाटेवर बसून, मग आईचं डोकं मांडीवर घेऊन. पुरुषांना जमत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा आपण त्यांना कधी वही दिलेली असते का?

जेवणाचंही सांगते, कारण त्यावरून सुनांना फार ऐकावं लागतं. शेवटच्या दिवसांत भूक जाते, शरीर अन्न मागत नाही. त्या माणसाला उपाशी ठेवलं असं होत नाही. उलट बळेच भरवलं तर ठसका लागतो, त्रास वाढतो. ओठ ओले ठेवायचे, मागितलं तर चमचाभर द्यायचं. भाचीने हे भेटायला आलेल्या बायांसमोर मोठ्याने सांगितलं. त्या दिवसापासून चमचा घेऊन माझी परीक्षा घेणं थांबलं.

आता थोडं घराबाहेर बघू. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात ज्यांनी केली, त्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग वयाच्या तिशीनंतर शिकून डॉक्टर. तिन्ही कामं केलेल्या या बाईने सांगितलं, की मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराची असते, मनाची असते, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, म्हणून ती एकट्यादुकट्याला पेलणार नाही, तिथे टीमच हवी. तीन-तीन पदव्या असलेल्या बाईला जे एकटीचं काम वाटलं नाही, ते आपण कसलंही शिक्षण न देता सुनेवर टाकतो.

आणि हे कुठे? वर्ध्यात! या जिल्ह्यात गावाचं नावच सेवाग्राम आहे. शेगावचं सेवाग्राम झालं ते १९४० साली. तिथल्या आश्रमात आजही परचुरे कुटी दाखवतात. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने घेरलेले. लोक ज्यांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते, त्यांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. तो फोटो आपण शाळेच्या भिंतींवर लावतो. मीही मुलांना तो कितीदा दाखवला. पण त्यातली एक गोष्ट मला आईंच्या आजारपणानंतरच दिसली. सेवा करणारा त्यात एक पुरुष आहे, सत्तरीला आलेला, देशाचा कारभार डोक्यावर असलेला. 'आश्रमात बाया आहेत, त्या बघतील' असं तो म्हणाला नाही. त्याच मातीत आज 'सेवा करा' याचा अर्थ 'सुनेने करा' असा कसा झाला?

दुसरं उदाहरण पवनारचं. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. त्यांचा मार्ग सगळ्यांनी धरावा असं मी मुळीच म्हणत नाही, तो एका संताचा निर्णय होता. मला एवढंच दिसतं, की काय हवं आणि काय नको हे त्या माणसाला सांगता आलं आणि सभोवतालच्या माणसांनी ते ऐकलं. आपल्या घरातल्या आजीला हे कुणी विचारतं का? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. बरं होण्याची आशा उरली नसताना निव्वळ यंत्रांवर जगवत ठेवायचं की नाही, ते आधीच सांगून ठेवता येतं. २०२३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कागद नसला तरी चालेल, निदान विचारा तरी. बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं उत्तर तयार असतं, आपलंच धैर्य होत नाही.

काहींना वाटेल, हे सगळं मोठ्या शहरांचं. आमच्या खेड्यात टीम कुठून आणायची? मला केरळचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी छोटं केंद्र सुरू केलं. पुढे तिथे गल्लीगल्लीतले शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी शिकून तयार झाले आणि आठवड्यातून एक-दोन तास घरी जाऊन बसायला लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. आज तिथे पंचायतीमार्फत नर्स घरी जाते. त्यांच्याकडे काही जादू नव्हती. आपल्याकडे तरी काय कमी आहे? ऐंशीच्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावांमधून ज्वारीवरची आरोग्य विमा योजना चालवली. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यातून गावाच्या दवापाण्याची सोय. पैसा नव्हता तेव्हा जो जिल्हा ज्वारी गोळा करू शकला, तो आज दोन-दोन तास गोळा करू शकणार नाही का? याच संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात दर वर्षी नवे विद्यार्थी एक गाव दत्तक घेतात. त्यांनी त्या गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या एका तरी माणसाच्या घरी नेमाने जावं, असं मला मनापासून वाटतं.

सरकारी कागदावरही हे सगळं आहे. २०१२ पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात सोय करण्याची तरतूद आहे. २०१८ पासून गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या सेवांच्या यादीत म्हाताऱ्यांची आणि शेवटच्या आजारातली काळजीही घातली आहे. यादीतून ती आपल्या दारात आणायला मागावं लागेल. ग्रामसभेत रस्ता मागतो, नळ मागतो, तशी घरी येणारी नर्स आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिन मागायला काय हरकत आहे? मात्र एक गोष्ट आधीच सांगते. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकू नका. सुनेचं ओझं उतरवून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवलं, तर आपण काहीच बदललं नाही. तिला शिकवा आणि त्या कामाचा मोबदला द्या.

"आपल्या माणसाचं आपणच करावं, परक्याचा हात कशाला?" हाही एक आक्षेप असतो, आणि तो मायेपोटी असतो, हे मला मान्य आहे. पण माझा अनुभव ऐका. सगळं एकटी करत होते, तेव्हा मी आईंची सून उरलेच नव्हते. पट्टी ओढणारे, चमचा कोंबणारे, मनात एकदा 'सुटल्या तर बरं' असं येऊन स्वतःलाच घाबरणारे दोन हात तेवढे उरले होते. कामं वाटली गेली तेव्हा मला त्यांच्या उशाशी रिकाम्या हाताने बसता आलं. त्या त्यांच्या लग्नातली गंमत सांगायच्या, मी हसायची. परक्या हातांनी मला माझी सासू परत दिली.

दिवाळीनंतरच्या दहाव्या रात्री त्या गेल्या. भाची मुंबईला परतलेली, पण फोनवर सगळं सांगत होती. श्वास बदलेल, घशात घरघर होईल, घाबरू नका, एका कुशीवर ठेवा, बोलत राहा, ऐकू शेवटपर्यंत येत असतं असं आम्ही मानतो. हे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दोनची गोळी द्यायची वेळ झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वहीत शेवटची नोंद त्यांच्या हातची आहे, दहा वाजताची.

आणि मी? मी शेजारच्या खोलीत झोपले होते. त्या रात्री पाळी माझी नव्हती. तेरवीपर्यंत हे गावभर झालं, "सासू गेली तेव्हा सून घोरत होती म्हने." सुरुवातीला फार लागलं. मग एकदा विहिरीवर एकीने तोंडावरच म्हटलं, तर मी सांगितलं, "हो, झोपले होते. तिचा मुलगा जागा होता."

तेरवीनंतर सगळे पांगतात. हॉस्पिसची टीम मात्र त्यानंतरही महिना-दोन महिन्यांनी फोन करते, घरच्यांची विचारपूस करते, कारण मागे राहिलेल्यांचं दुःख तेव्हाच बाहेर येतं. माझी भाची अजून दर दिवाळीनंतर फोन करते. गावात आता कुणाच्या घरी असा आजार आला, की मी आणि त्या पाच शेजारणींपैकी ज्यांना जमेल त्या जातो. वार वाटून घेतो. घरच्या पुरुषाच्या हातात वही देतो.

म्हणून सांगते, तुमच्यावर ती वेळ आली आणि कुणी म्हणालं, "घरी न्या, सेवा करा," तर मान हलवायच्या आधी तिथेच थांबा. विचारा, दुखणं वाढलं तर कोणती गोळी आणि ती कुठे मिळेल? जखमेचं कोण शिकवेल? रात्री फोन कुणाला करायचा? आणि घरी आल्यावर सगळ्यांना ओसरीवर बसवून, एक कागद घेऊन पुढचा प्रश्न तुम्हीच विचारा. कोणी? कोणी? आणि कोणी? निदान सात नावं लिहून होईपर्यंत उठू नका. त्यातलं एक नाव तुमचं असू द्या. एकच.